पंगतीचे टोकन

मराठीत 'मंडळी' हा शब्द फार कष्टाळू आहे. भजन करते ती मंडळी, नाटक करते ती मंडळी, आणि लग्नात चार वेळा मठ्ठा मागून वर तो पातळ होता म्हणते ती वऱ्हाडी मंडळी. आमच्या आजोबांच्या पिढीत तर बायकोचे नाव घेणे टाळायचे म्हणून "आमची मंडळी माहेरी गेलीत" असे सांगायची रीत होती. एकट्या बायकोला अनेकवचन! अनुभवी माणसाला त्यात व्याकरणाची चूक दिसत नाही.

ख्रिस्ती मराठीत मात्र या शब्दाला नेमून दिलेले काम आहे. मंडळी म्हणजे चर्च. विटा-चुन्याचे नव्हे, माणसांचे. त्या मंडळीला उपदेश करतो तो 'पाळक' आणि तिचा कारभार बघतात ते 'वडील'. हे वडील म्हणजे तीर्थरूप नव्हेत. मंडळीने आपल्यातूनच निवडलेली चार जबाबदार माणसे. कोणी मास्तर, कोणी कंपाउंडर, कोणी रेल्वेतला. ग्रीक भाषेत अशा वडीलधाऱ्याला 'प्रेसबिटेरोस' म्हणतात. आणि ज्या पंथात या वडिलांच्या मतावाचून पान हलत नाही तो प्रेसबिटेरियन पंथ.

हे नाव मी एकदा आमच्या शाखेतल्या, निवृत्तीला टेकलेल्या शिपाईमामांना सांगितले. मामा म्हणाले, "सायेब, हे प्रेस केलेलं टेरिलीन हाय का?" तसे ते नाही, पण उपमा अगदीच वाया गेली असेही नाही. घडी मोडलेली या पंथाला खपत नाही.

आता भोकरच्या बँकेतल्या बी. कॉम. कारकुनाचा या पंथाशी संबंध काय, असे कोणी विचारील. धर्माने काही नाही, धंद्याने आहे. ज्या पंथाची रचना शाखा, विभाग, मुख्य कचेरी अशी असते आणि ज्यात देवाच्या पंगतीला बसायला टोकन लागत असे, त्याच्याबद्दल कारकुनाला ओढ वाटणारच. शिवाय भोकर स्टेशनातून निघालेले रूळ मुदखेड, नांदेड, परभणी करत जालन्याला पोचतात, आणि स्कॉटलंडच्या थंडीतले हे रोप मराठवाड्याच्या काळ्या मातीत लागले ते जालन्याजवळच. म्हणजे तसे आपल्याच लाइनीवरचे.

आधी कारभार बघा. गावातल्या मंडळीचा पाळक आणि वडील मिळून जी पंचायत होते ती 'सेशन'. अशा अनेक मंडळ्यांवर प्रेसबिटेरी, तिच्यावर सिनड, आणि सगळ्यांच्या डोक्यावर जनरल असेंब्ली. म्हणजे शाखा, रिजनल ऑफिस, झोनल ऑफिस आणि हेड ऑफिस. फरक एकच, पण तो जबर आहे. इथे कायमचा साहेब नाही. बिशप नाही. असेंब्लीचा अध्यक्ष, ज्याला मॉडरेटर म्हणतात, तो एका वर्षापुरता. वर्ष संपले की खुर्ची सोडायची आणि आपल्या कामाला लागायचे. सभेत पाळकाला जेवढे मत तेवढेच वडिलाला. झोनल मॅनेजरला जेवढे मत तेवढेच शिपाईमामांना आहे, अशी एक बँक डोळ्यांपुढे आणा. नका आणू. रात्री झोप लागणार नाही.

बिशप नको हा त्यांचा हट्ट जुना. १६३७ साली राजा पहिला चार्ल्स याने हुकूम काढला, की एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये इंग्रजी धाटणीच्या नव्या पोथीतून प्रार्थना वाचायची. २३ जुलैला रविवारी वाचन सुरू झाले आणि चर्चमध्ये दंगल उसळली. जेनी गेडिस नावाच्या एका बाजारकरणीने आपले बसायचे स्टूल उचलून वाचणाऱ्या डीनच्या डोक्याच्या दिशेने भिरकावले, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी ग्लासगोला भरलेल्या असेंब्लीने स्कॉटलंडमधल्या बिशपांची पदेच रद्द करून टाकली. ग्राहकाने स्टूल फेकावे आणि वर्षभरात सगळे झोनल मॅनेजर बरखास्त व्हावेत, असा प्रकार आमच्या खात्यात अजून नोंदलेला नाही.

यांची जुनी उपासना म्हणजे साधेपणाची कमाल. मूर्ती नाही, चित्र नाही, मेणबत्त्यांची आरास नाही. समोर उंच व्यासपीठ, त्यावर बायबल, आणि बायबलामागे पाळक. गायची ती दाविदाची स्तोत्रे, पद्यात बसवलेली, आणि तीही वाद्यावाचून. एक जण पुढे उभा राहून ओळ म्हणायचा आणि बाकीची मंडळी तीच ओळ घोळून उचलायची. कारण पुस्तके थोडी आणि वाचता येणारे त्याहून थोडे. आपल्याकडे भजनात बुवा चरण सांगतात आणि टाळकरी उचलतात, तशातला प्रकार; फक्त टाळ वजा. ऑर्गनला तर ही मंडळी 'शिट्ट्यांचा पेटारा' म्हणत. १८६३ साली एडिंबरोच्या ओल्ड ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये डॉ. रॉबर्ट ली यांनी हार्मोनियम आणली, आणि त्यांच्या असल्या सुधारणांवरून प्रकरण थेट असेंब्लीपर्यंत गेले. ज्या पेटीवाचून आपल्याकडे एकादशी होत नाही, तिच्यावरून तिकडे एकादशीच्या घरी शिवरात्र!

प्रवचन लांबलचक असायचे. त्यावर स्कॉटिश माणसाने शोधलेला उपाय म्हणजे पेपरमिंटची पांढरी गोळी. प्रवचन सुरू झाले की ती हळूच तोंडात टाकायची आणि न फोडता, आवाज न करता चघळत बसायची. कीर्तनात पूर्वरंग लांबला की आपल्याकडे सुपारीची डबी फिरते, तिची ही चुलत बहीण समजा.

आणि नाताळ? ऐकून धक्का बसेल. बायबलात २५ डिसेंबर कुठे लिहिलाय, असा सवाल करून या लोकांनी नाताळच काढून टाकला होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. भोकरच्या बँकेला नाताळची सुट्टी आहे आणि एडिंबरोच्या माणसाला नाही, अशी वर्षे जगाने पाहिली आहेत. एवढ्या एका कारणासाठीच मी या पंथाला दुरून नमस्कार करतो.

पण वडिलांचा खरा दरारा शिस्तीत होता. कोणी रविवारी काम केले, कोणी दारू पिऊन भांडला, कोणाचे पाऊल वाकडे पडले, की सेशनपुढे बोलावणे. गुन्हा शाबित झाला की चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभे राहून खडसावून घ्यायचे. १७८६ साली अशी शिक्षा रॉबर्ट बर्न्सला झाली. तोच तो, स्कॉटलंडचा लाडका कवी. कारण प्रेमप्रकरण. आज त्याचे पुतळे गावोगाव आहेत, आणि त्याला खडसावणाऱ्या वडिलांची नावे शोधायला दप्तर उघडावे लागते.

या शिस्तीचे टोक म्हणजे टोकन. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीने घ्यायची भाकर आणि द्राक्षारस, हा या पंथातला मोठा विधी. तो दर रविवारी नसे, वर्षातून एकदा-दोनदा. त्याआधी उपास, तयारीची प्रवचने आणि चौकशी. धर्मप्रश्नांची एक छोटी पोथी आहे, तिच्यात १०७ प्रश्न. ते येतात का, वागणूक नीट आहे का, शेजाऱ्याशी वैर तर नाही ना, हे सगळे तपासून वडील त्या माणसाच्या हातावर एक शिशाचा बिल्ला ठेवीत. त्यावर गावाची आद्याक्षरे आणि साल. सोळाव्या शतकापासून ही चाल होती. भोजनाच्या दिवशी पांढऱ्या चादरी घातलेली लांब मेजे मांडायची, पाळकाने आधी गंभीर आवाजात अपात्रांना इशारा द्यायचा (याला ते मेजाला 'कुंपण घालणे' म्हणत), आणि मग एकेकाने बिल्ला देऊन बसायचे. गुडघे टेकून नाही. पंगतीला बसतात तसे, शेजाऱ्याला कोपर लागेल असे. भाकर आणि प्याला हातोहात फिरायचा.

मी नोकरीला लागलो तेव्हा कॅश काउंटरला पितळी टोकन होते. चेक दिला की हातात टोकन, आणि नंबर पुकारला की पैसे. त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाचे कागद तपासलेत, याला द्यायला हरकत नाही. स्कॉटलंडच्या त्या शिशाच्या बिल्ल्याचा अर्थ हाच. फक्त आमच्याकडे सही तपासायचे आणि तिकडे माणूस. सही जुळणे सोपे हो. माणूस जुळायचा म्हणजे वडिलांच्या मर्जीवर आले. कोण पंगतीला बसणार आणि ते कोण ठरवणार, या दोन प्रश्नांवर या पंथाने तीनशे वर्षे डोके फोडून घेतले. आणि हेच दोन प्रश्न घेऊन तो आपल्याकडे आला, तो बरोबर पंगतींच्या देशात.

आला तो कोकणाच्या वाटेने. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, मग हर्णैला गेले. आल्या आल्या त्यांनी काढल्या त्या शाळा. यातही त्यांचा जुना संस्कार होता. १५६० साली जॉन नॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी चर्चची जी घडी आखली, तीत दर गावाला शाळा हवी हे कलमच होते. वडिलांनी कारभार करायचा तर वडिलांना वाचता यायला नको? १८२९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन आले. १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट मराठी इतकी चांगली बोलत, की त्यांची ख्याती आजही लिहिली जाते. भोकरला बदलून आलेल्या काही साहेबांबद्दल हे म्हणता येणार नाही.

आणि मग उजाडले १८४३ साल. स्कॉटलंडमध्ये गावचा पाळक निवडायचा हक्क मंडळीला नसून गावच्या जमीनदाराला होता, आणि त्यावरून वाद पेटत आला होता. १८ मे रोजी एडिंबरोच्या असेंब्लीतून माणसे उठून बाहेर पडली आणि त्यांनी 'फ्री चर्च' स्थापले. एकूण ४७४ पाळकांनी राजीनामे दिले. राजीनामा म्हणजे पगार गेला, राहते घर गेले, चर्चची इमारत गेली. ४७४ पगारदार एका तत्त्वासाठी पगारावर पाणी सोडतात, हे वाक्य मी आमच्या युनियनच्या चिटणीसांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "आकडा छापताना चुकला असेल."

आकडा बरोबर आहे. आणि पुढची गंमत तर वाणिज्य शाखेच्या माणसाने ऐकण्यासारखी. पाळकांच्या पोटापाण्यासाठी डॉ. टॉमस चाल्मर्स यांनी एक मध्यवर्ती निधी काढला. गरीब घरांनी आठवड्याला पेनी द्यावी, श्रीमंतांनी जास्त. सगळे एका ठिकाणी जमा करायचे आणि त्यातून प्रत्येक पाळकाला सारखा वाटा. त्याला ते 'समान लाभांश'च म्हणत. श्रीमंत शहरातला पाळक आणि डोंगरातल्या वस्तीवरचा पाळक यांना त्या निधीतून रक्कम एकच. कॉस्टिंगच्या पेपरात हे उदाहरण आले असते तर मी निदान एवढे तरी अचूक सोडवले असते.

ही बातमी मुंबईला पोचली तेव्हा विल्सनसाहेब सुट्टीच्या प्रवासात होते. मुंबईतले मिशनरीही फ्री चर्चकडे गेले, आणि त्यांनाही संस्थेची इमारत मागे सोडावी लागली. नेमक्या याच साली त्यांच्या शाळेतला नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. सप्टेंबरात नेस्बिट यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. त्याचा बाप्तिस्मा मात्र झालेला नव्हता.

इथे विनोदाला जरा बाजूला बसवतो. वडील, इथे खरे जन्मदाते वडील, कोर्टात गेले. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने अज्ञान मुलगा बापाच्या हवाली केला. कायद्याने प्रश्न मिटला, आणि तिथून पेटला. पोरगा मिशनऱ्यांच्या घरी राहिलेला, त्यांचे अन्न खाल्लेला. याला जातीत परत घ्यायचा की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. मुलगा लहान आहे, बाप्तिस्मा झालेला नाही, प्रायश्चित्त देऊन त्याला घरात घ्या, असे त्यांचे म्हणणे. ब्रह्मवृंदात दोन तट पडले, आणि सनातन्यांनी जांभेकरांवरच टीकेची झोड उठवली. शास्त्रार्थ झाले, पत्रके निघाली. एका मुलाने एका ताटात जेवावे की दुसऱ्या, यावर मोठमोठे विद्वान भांडत होते. भांडण त्या मुलाच्या नावाने चालले होते. त्याला विचारून नव्हे. एका पंगतीतून उठवलेला आणि दुसऱ्या पंगतीचे टोकन न मिळालेला बारा वर्षांचा मुलगा, एवढेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे राहते. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा नंबर कोणी पुकारतच नाही, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो हे मी रोज बघितलेले आहे.

थोरला नारायण मात्र पुढे गेला. १८५४ साली तो फ्री चर्चचा दीक्षित पाळक झाला. १८६० च्या दशकात त्याने जालना हे आपले क्षेत्र केले. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात. तिथे फौजेची छावणी. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या मंडळीत आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले लोक. गावाबाहेर राहणारे, विहिरीवर हात न लागू दिलेले. त्यांच्यासाठी जालन्याजवळ एक स्वतंत्र गाव वसले. जमीन दिली निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी, आणि गावाचे नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. मुसलमान दिवाणाने जमीन द्यावी, जन्माने ब्राह्मण असलेल्या पाळकाने अस्पृश्यांसाठी गाव वसवावे, आणि त्या मंडळीची घटना स्कॉटलंडहून यावी! एवढ्या पार्ट्यांच्या सह्या एका कागदावर आमच्या कर्जखात्यालाही मिळत नाहीत.

आता त्या प्याल्याचा विचार करा. पंथाची रीत अशी, की प्याला हातोहात फिरतो. ज्याच्या धाकट्या भावाला परक्याच्या घरचे अन्न खाल्ले म्हणून जात विचारीत बसली, त्या माणसाने ती भाकर मोडून, ज्यांची सावली टाळली जाई त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांच्याबरोबर प्यायचे. मिशनऱ्यांच्या हेतूंबद्दल कोणाचे काय मत असायचे ते असो. हा ज्याचा त्याचा विषय. पण मराठवाड्यात त्या काळी एका पंगतीला ही माणसे बसली, ही नोंद लेजरमधून खोडता येत नाही. १८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलले, तेही डोक्याला पागोटे बांधून. १८९१ साली ते वारले.

पुढची हकीकत विलीनीकरणाची, म्हणजे माझ्या हातचा मळ. स्कॉटलंडमधले फ्री चर्च १९०० साली दुसऱ्या एका पंथात मिळून युनायटेड फ्री चर्च झाले. ते १९२९ साली जुन्या, ज्याच्याशी भांडून निघाले त्याच चर्चमध्ये परत गेले. इकडे १९२४ साली प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी एक होऊन उत्तर भारतातले संयुक्त चर्च केले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. या नव्या चर्चला बिशप आहेत! जेनी गेडिसच्या हाती त्या दिवशी स्टूल नव्हते, म्हणून निभावले. पण नुसती पाटी बदलल्याने खातेदार बदलत नाही. स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ साली विलीन झाली, तरी मराठवाड्यातला म्हातारा अजून "हैद्राबाद बँकेत जाऊन येतो" म्हणूनच घरातून निघतो. बिशप आले, पण मराठी मंडळ्यांतली 'वडील' ही हाक काही पुसली गेली नाही.

आणि ज्या वाद्यावरून तिकडे महाभारत झाले, ती पेटी आज मराठी मंडळीत तबला-ढोलकीच्या मांडीला मांडी लावून बसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रेसबिटेरियन नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे; पण त्यांची पदे आणि अभंग 'उपासना संगीत' या पुस्तकातून सगळ्याच मंडळ्यांत पोचली. खेड्यात कुठे चपला दाराबाहेर, सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि पेटीवर टिळकांची चाल. कट्टर स्कॉटिश वडिलांनी हे पाहिले असते तर पेपरमिंटची गोळी गिळली असती.

ते शिशाचे टोकन एकोणिसाव्या शतकात मागे पडले. त्याच्या जागी छापील कार्ड आले, आणि आता ती टोकने नाणी जमवणाऱ्यांच्या आल्बमात मखमलीवर पडून असतात. आमच्या बँकेतले पितळी टोकनही गेले. आता मशीनचे बटण दाबले की कागदी चिठ्ठी बाहेर येते आणि भिंतीवर लाल आकडा पेटतो. शिपाईमामांना मी हा सगळा इतिहास जेवणाच्या सुट्टीत सांगितला, श्रीपतपासून बेथेलपर्यंत. ते डबा बंद करत म्हणाले, "सायेब, तपासनी कराया हरकत नाही. पण भुकेल्याला आधी बसवावं, नंबर मागून बघावा." जनरल असेंब्लीत मामांना एक मत असायला हवे होते, असे मला फार वाटून गेले.